सोनेरी डबी

रविवारी सातची मिस्सा संपली की
फादर हिलरी माझ्या तळहातावर ती डबी ठेवतात,
जुन्या रुपयाहून थोडी मोठी,
आणि मी ती गळ्यातल्या पिशवीत, पदराआड घेते.
तलावपाळीवरून शेअर रिक्षा, तीन हात नाक्याला उतरायचं,
वाटेत कुणाशी बोलायचं नाही, हा माझा नियम.
सुट्ट्या पैशांवरूनही भांडत नाही तेव्हा.
इतर दिवशी भांडते.

मनोरुग्णालयात, बायकांच्या वॉर्डात
आग्नेस तुस्कानो पलंगावर बसलेली असते,
केस बारीक कापलेले, हिरवा झगा, एकाच पायात चप्पल.
कागदावर नातेवाईक: नाहीत.
आहेत खरं तर. वसईला दोन भाऊ,
वाडीत केळी, दारात गाडी.
ती मला कधी सिस्टर म्हणते, कधी वहिनी.
एकदा थुंकली.
मी रुमालाने पुसलं
आणि त्या दिवसाच्या खात्यावर
एक त्याग जमा करून टाकला.

हो, हिशेब ठेवते मी. लपवून काय करू?
वागळे इस्टेटच्या कारखान्यात एकतीस वर्षं
पगारपत्रकं लिहिली आहेत.
नऊ पहिले शुक्रवार, तेही तीनदा.
उपासकाळात चहा बिनसाखरेचा.
जपमाळा किती झाल्या, वहीत आहे.
आणि पलीकडच्या पानावर, लाल शाईत,
रेजिना.
माझी मुलगी. नवऱ्याला सोडून
ऐरोलीला एका माणसाबरोबर राहते.
तिचा फोन वाजतो आणि मी
तो वाजू देते, पूर्ण, शेवटपर्यंत.

त्या रविवारी मी म्हटलं, ख्रिस्ताचं शरीर.
आग्नेसने तोंड उघडलं नाही, हात पुढे केला.
भाकर उजेडात धरून पाहिली,
बाजारात बाया अंडं पाहतात तशी,
मग पापडासारखी मोडली, चुरा केला
आणि खिडकीच्या गजाखाली मुंग्यांची रांग होती
तिथे पसरला.
"सकाळपासून चालतायत," म्हणाली.
"कुणी विचारलं नाही त्यांना."

मी गुडघ्यांवर आले. ओल्या बोटाने
कण न् कण टिपू लागले, शिकवलंय तसं.
पण मुंग्या माझ्याहून चपळ.
एकीच्या डोक्यावर तो होता,
स्वर्ग आणि पृथ्वीचा निर्माता,
तिरका, डुलत,
भिंतीच्या फटीकडे निघालेला.
त्याने तिला काही विचारलं नाही.
बाप्तिस्मा कुठला, शेवटचं पापनिवेदन कधी,
काही नाही.
नेशील तिकडे, असा चालला होता.

फादर हिलरी न्याहारीला बसले होते,
पावाला लोणी लावत.
मी सगळं सांगितलं, रडत,
वर्गातल्या चहाडखोर पोरीसारखं.
त्यांनी सुरी खाली ठेवली.
बराच वेळ पावाकडेच बघत राहिले.
मला वाटलं, आता प्रायश्चित्त सांगतील,
मी तर मनात आकडाही धरून ठेवला होता.
"तिने स्वतः काहीच घेतलं नाही?"
"बोटं चाटली, फादर."
"मग पुढच्या रविवारी," ते म्हणाले,
"दोन घेऊन जा."

घरी आले. वही काढली.
जमेला मांडू की खर्चाला, कळेना.
पेनाचं टोपण उघडं, मी तशीच बसलेली,
भात करपल्याचा वास आला तेव्हा उठले.

दुपारी फोन वाजला.
तेच नाव.
वाजत राहिला.
मी बोट पुढे केलं,
ते अजून थोडं ओलं होतं,
की मलाच तसं वाटलं.